मोतीच्या घशामागची गाठ

चवथीला डिचोलीच्या घरी आले की दोन दिवस घरचा कुत्रा टायगर माझी पाठ सोडत नाही. यंदा मीच त्याला सोडलं नाही. आल्या आल्या ओठ वर करून बॅटरीच्या उजेडात त्याच्या हिरड्या बघत बसले. आई म्हणाली, "अगं, आधी हातपाय तरी धू!" पण तिकडे इंग्लंडात, स्विंडनला माझ्या कुत्र्याचं, मोतीचं जे झालं, त्यानंतर मला राहवत नाही.

मोती अकरा वर्षांचा होता. तोंडाला वास यायला लागला, तेव्हा मी म्हटलं, वय झालं, दातांवर कीट चढलं असेल. मग एका सकाळी आईने शिवून दिलेल्या गोधडीवर लाळेत मिसळलेलं रक्त दिसलं. वरच्या डाव्या दाढेपाशी काजूगराएवढी गाठ होती, गुलाबी. तुकडा तपासला, मेलानोमा निघाला, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर. कुत्र्यांच्या तोंडातल्या कॅन्सरांत हाच सर्वांत जास्त आढळतो, आणि दर वेळी तो काळा नसतो.

कॅन्सर पसरतो तो बऱ्याचदा आधी जवळच्या लसिका ग्रंथींत, म्हणून नेहमीच्या डॉक्टरबाईंनी जबड्याखालच्या ग्रंथी चाचपल्या. हाताला काही लागलं नाही, आणि माझा जीव भांड्यात पडला. मोठ्या इस्पितळातल्या सर्जनबाई मात्र म्हणाल्या, बोटांवर विसंबू नका. मेलानोमाच्या एका अभ्यासात, ज्यांच्या ग्रंथी नेहमीच्याच आकाराच्या होत्या अशा कुत्र्यांपैकीही सुमारे ४० टक्क्यांत कॅन्सर पोचलेला होता. शिवाय घशामागच्या ग्रंथी इतक्या खोल असतात की तिथे बोट जातच नाही.

म्हणून डोक्यापासून छातीपर्यंत सीटी स्कॅन. उपाशीपोटी नेलं, भूल दिली, शिरेतून रंगद्रव्य सोडलं. फुप्फुसांचं चित्र हलू नये म्हणून क्षणभर श्वासही थांबवतात. एक्स-रेत सात-आठ मिलिमीटरहून लहान गाठ बहुधा निसटते; सीटीत एक-दोन मिलिमीटरचीही दिसू शकते.

संध्याकाळी बाईंनी पडद्यावर एकेक काप सरकवत दाखवला. दाढेवरचं हाड वाळवी लागलेल्या वाशासारखं पोखरलेलं. फुप्फुसं स्वच्छ. आणि घशामागची उजवी ग्रंथी डावीच्या जवळजवळ दुप्पट. गाठ डावीकडे, सूज उजवीकडे! तोंडातून या ग्रंथींकडे वाहणारा द्रव, लसिका, बाजू ओलांडूनही जातो, म्हणाल्या. तरी त्यांनी लगेच निदान केलं नाही. किडक्या दातानेही ग्रंथी सुजते, आणि चित्रात साधी दिसणारी ग्रंथीही आत कॅन्सरच्या पेशी बाळगून असू शकते. सोनोग्राफीत बघत सुई घातली. चार दिवस मी फोन हातातून खाली ठेवला नाही. कॅन्सरच्या पेशी निघाल्या.

जबड्याचा तुकडा आणि दोन्ही बाजूंच्या ग्रंथी काढल्या, मग रेडिएशन दिलं. सीटी नसता तर उजवी ग्रंथी आतच राहिली असती. मोती पुढे नऊ महिने जगला. पेज चाटून खायचा, शेपटी आपटत.

जनावरांचा सीटी गावोगाव नसतो, मला माहीत आहे. पण गाठ दिसली तर ती काळी असो वा गुलाबी, तिचा तुकडा तपासून घ्या. जबड्याखालच्या ग्रंथीत सुई घालायला सांगा, छातीचे एक्स-रे तीन बाजूंनी काढून घ्या. "म्हातारा झालाय, वास येणारच" असं मी म्हटलं होतं, तसं कृपा करून म्हणू नका.

टायगरच्या हिरडीवर काळे डाग आहेत, पिल्लू असल्यापासूनचे, सपाट. दादाला ते नीट दाखवून ठेवलेत. दर रविवारी तो ओठ उचलून फोटो पाठवणार आहे.