तुम्ही विचारलंत म्हणून: तोच प्लेअर अजून का?

लग्नात, मुंजीत, आणि दर डिसेंबरात ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाच्या मांडवात तर हमखास, कोणीतरी माझ्या स्वेटरच्या खिशातून निघालेल्या एमपी३ प्लेअरच्या वायरकडे बघतं आणि विचारतं, "अजून तोच? आत्याचं रेकॉर्डिंग खाल्लं तोच?" आजवर मी "चालतोय ना, मग?" एवढंच म्हणत आलो. आता एकदाच काय ते सविस्तर लिहितो.

त्याच्या खोडी मला सांगू नका, त्या मला पाठ आहेत. फाइलचं नाव देवनागरीत दिलं की पडद्यावर नुसते चौकोन. म्हणून माझे सगळे राग रोमन लिपीत नांदतात. १, २, ३ असे आकडे घातले तर एकानंतर थेट दहा वाजतो, मग ०१, ०२ करत बसा. आवाजाच्या पायऱ्या अशा की रात्री एकवर काही ऐकू येत नाही आणि दोनवर कानात घण पडतात. आलापी सुरू असताना मागे बारीक सूंऽऽ चालू असतं ते वेगळंच.

पण हे सगळं चालवून घेता येतं. बोचते ती खोड निराळी आहे. मैफलीच्या सीडीवर विलंबित, म्हणजे संथ लयीतलं, एका ट्रॅकवर असतं आणि द्रुत, म्हणजे जलद लयीतलं, पुढच्या ट्रॅकवर. एमपी३ करताना प्रत्येक ट्रॅकच्या आगेमागे किंचितशी शांतता चिकटते. चांगला प्लेअर ती कापून वाजवतो, हा तशीच वाजवतो. सिनेमाच्या गाण्यांना काही फरक पडत नाही, दोन गाण्यांत तशीही फट असतेच. आपल्या गाण्यात तंबोरा थांबतच नाही, त्यामुळे ट्रॅक बदलला की कोणीतरी तारेवर हात ठेवल्यासारखं होतं. उपाय म्हणून सगळे ट्रॅक जोडून एकच लांब फाइल केली. तर लांब फाइलमध्ये आपण कुठे होतो हे बंद केल्यावर हा विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. फट की विस्मरण, एवढीच निवड होती. मी विस्मरण घेतलं. त्यामुळे कितीतरी रागांचे सुरुवातीचे आलाप मला तोंडपाठ आहेत आणि शेवटच्या तराण्यापर्यंत पोचणं क्वचितच घडतं.

मग चांगलं काय? स्वस्त आहे. बटणं खरी आहेत, पहाटे फूलबागेत फिरताना हातमोजा न काढता, खिशात न बघता दाबता येतात. ३२ जीबीच्या कार्डावर, मिनिटाला साधारण एक एमबी धरला, तर पाचशे तासांहून जास्त गाणं मावतं. मोबाइलमध्येही मावतं, ठाऊक आहे. पण मोबाइलवर ऐन समेच्या तोंडाशी गॅसवाल्याचा ओटीपी येतो, आणि सकाळी ललत संपला की ॲप स्वतःच्या अकलेने रात्रीचा बागेश्री लावतं. याला अक्कल नाही, हा त्याचा मोठा गुण.

आता आत्या.

ती माधव संगीत महाविद्यालयात शिकली, पुढे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी मुलींना शिकवायची. टप्पा, म्हणजे वेगवान तानांनी भरलेला गायनप्रकार, तिचा खास. रेकॉर्ड करू द्यायची नाही. "मुली मग यंत्राची नक्कल करतात, शिकत नाहीत," म्हणायची. एका थंडीत, दुपारच्या चहानंतर, स्वतःहून म्हणाली, "आण तुझं ते डबडं." मी लाल बटण दाबून प्लेअर हार्मोनियमवर ठेवला. बॅटरीच्या दोन कांड्या दिसत होत्या. तिने काफीतला टप्पा घेतला. गळा थकला होता, पण ती दाणेदार तान पडत होती, आणि एकदा अडली तिथे थांबून, मागे जाऊन तीच जागा पुन्हा घेतली. मग भैरवी. पडदा काळा झाला होता. तो एरवीही काही सेकंदांत काळा होतोच. "झालं?" तिने विचारलं. "झालं," मी म्हटलं.

रात्री बघितलं तर फाइल शून्य बाइट.

दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो. ती हसली. "बरं झालं. आता मुलींना यावंच लागेल." पुन्हा गा म्हणायचं मला धाडस झालं नाही, खोकला वाढला होता. होळीच्या आधी ती गेली.

तांत्रिक कारण मागाहून समजलं. हा रेकॉर्डर आवाज मेमरीत लिहीत जातो, पण फाइल किती मोठी ते शेवटी, बंद करताना नोंदवतो. मध्येच वीज गेली तर माल आत असतो आणि नोंद शून्य राहते. नई सडकेवरच्या एका पोराने सॉफ्टवेअर लावून शोधलं. सुरुवातीचं मिळालं, काफीची स्थायी. पुढे मेमरी गाण्यांनी जवळपास भरलेली असल्यामुळे आवाज विखरून लिहिला गेला होता, तिथून नुसती खरखर.

तेव्हा मी सगळ्यांना ठणकावून सांगायचो की घेतला तो प्लेअर म्हणून, रेकॉर्डर म्हणून नव्हे. अहो, पण खोक्यावर रेकॉर्डिंग असं ठळक छापलं होतं की. दर मिनिटाला नोंद करायला कंपनीचं काय गेलं असतं? आणि कांड्यांचं म्हणाल तर लिथियमच्या बॅटरीचा दाब बराच वेळ एकसारखा राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. नुसता दाब मोजून कांड्या दाखवणारं यंत्र तिथेच फसवतं. म्हणजे दोष त्याचाच, हे मी आता म्हणतो. तरी वापरतो. यात विसंगती आहे असं भाचा म्हणतो. पंखा वारा देतो म्हणून लावतो, त्याने दिवा लावला नाही म्हणून काढून टाकत नाही, असं मी त्याला म्हटलं होतं. रात्री ते मलाच पटलं नाही.

बडोद्याच्या चुलतभावाचं म्हणणं, हा नुसता हट्ट आहे. असेल. त्याने मागच्या दिवाळीला नवा प्लेअर पाठवला. त्यात देवनागरी नावं दिसतात, ट्रॅकमध्ये फट पडत नाही, बंद केला तरी जागा लक्षात ठेवतो. तो मी बायकोला दिला. ती त्यावर विविध भारती ऐकते. एकदा ती देवळात गेली असताना मी त्यावर संपूर्ण यमन ऐकला, तराण्यापर्यंत. चांगला वाजतो. हे तिला सांगितलेलं नाही.