सांगणाऱ्याची रात्र

बंडखोरी मोडायला सक्ती लागते की लोकांचा विश्वास, असं तुम्ही विचारलंत. हा प्रश्न नेहमी येतो, आणि बहुतेकांना एका शब्दात उत्तर हवं असतं. तसं ते देता येत नाही. पण सगळं कुठे अडतं, ते नक्की सांगता येतं.

बंडखोर गणवेश घालत नाही. तो कोण, कुठे जेवतो, रात्री कुणाकडे झोपतो, हे फक्त गावाला ठाऊक असतं. फौजेकडे बंदुका असतात, नावं नसतात. आणि ज्याच्याकडे नाव आहे तो माणूस तोंड उघडण्याआधी एकच हिशेब करतो: आज रात्री माझ्या दारावर कोण थाप मारेल?

मार्च १९५२ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मलायात (आजच्या मलेशियाचा भाग) तंजोंग मालिम गावाजवळ पाण्याची नळवाहिनी दुरुस्त करायला निघालेल्या पथकावर कम्युनिस्ट बंडखोरांनी हल्ला केला आणि बारा जण मारले. ब्रिटिश उच्चायुक्त जेरल्ड टेम्पलर यांनी गावावर दिवसातले बावीस तास संचारबंदी लादली, तांदळाचा शिधा कापला. सक्तीची बाजू घेणारे इथवरच सांगतात. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. घरोघरी एक कागद वाटला गेला. बंडखोरांबद्दल जे माहीत असेल ते लिहा, सही नको, काहीच लिहायचं नसेल तर कोरा द्या. पण परत द्यायचाच. हे कागद कुलूपबंद पेट्यांतून क्वालालंपूरला गेले आणि गावच्या प्रतिनिधींसमोर पेट्या उघडल्या गेल्या. त्यातून अटका झाल्या. सगळ्यांनीच कागद दिल्यामुळे कुणी लिहिलं हे शेजाऱ्यालाही कळायला मार्ग नव्हता. उपाशी गावाकडून जे मिळालं नसतं ते या कागदानं मिळवून दिलं, असं माझं मत आहे. सामूहिक शिक्षेचा नियम १९५३ मध्ये मागे घेतला गेला, तरी मोहीम ढिली पडली नाही.

हेच तत्त्व रोजच्या गस्तीत पाळावं लागतं, आणि तिथेच ते मोडतं. गस्त एकाच घरासमोर दहा मिनिटं थांबली की ते घर गावाच्या नजरेत भरतं. म्हणून थांबायचं तर प्रत्येक घरी, सारखाच वेळ. जे घर तोंड फिरवतं तिथेसुद्धा. तुकडी संध्याकाळी पाच वाजता दूरच्या तळावर परतत असेल तर दिवसभराचं गोड बोलणं वाया जातं, कारण रात्री वर्गणी गोळा करायला आणि फितुराचा निवाडा करायला बंडखोर मोकळा असतो. चौकी वस्तीतच लागते. शिवाय तुकडी दर काही महिन्यांनी बदलली की कोण कुणाचा मेहुणा आणि कोणाचं कुणाशी जमिनीवरून भांडण आहे, ही सगळी समज तिच्याबरोबर निघून जाते. नवी तुकडी पहिल्यापासून चुका करते.

यासाठी माणसं किती लागतात? बंडखोरीशी लढण्याबद्दलच्या अमेरिकी सैन्याच्या डिसेंबर २००६ च्या नियमपुस्तिकेत दर हजार रहिवाशांमागे वीस जण, पोलीस धरून, असं प्रमाण दिलं होतं. पन्नास हजारांच्या शहराला एक हजार. त्यातून रजा, पाळ्या, वाहनं, स्वयंपाक वजा करा. मध्यरात्री गल्लीत प्रत्यक्ष किती उरतात ते बघितलं की अर्ध्या योजना का कोसळतात ते समजतं.

आता निव्वळ सक्ती. ती कधीच चालत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. १९५७ मध्ये जनरल मास्यू यांच्या फ्रेंच छत्रीधारी सैनिकांनी फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियाची राजधानी अल्जीयर्स इथलं बॉम्ब पेरणाऱ्या बंडखोरांचं जाळं वर्षाच्या आत मोडलं. छळ करून मोडलं. पोलीस प्रशासनातले पॉल तेतजेन, ज्यांनी स्वतः नाझी छळ सोसला होता, त्यांनी पकडलेल्या माणसांचा हिशेब ठेवला. सुमारे तीन हजार जण बेपत्ता झाले होते. त्यांनी राजीनामा दिला. छळ होणारा माणूस वेदना थांबावी म्हणून कुठलंही नाव घेतो. त्या नावामागे धाड पडते, चुकीचा माणूस उचलला जातो आणि आतापर्यंत काठावर असलेलं एक घर पलीकडे जातं. शहर शांत झालं. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला.

सक्तीनं बंड संपतं याला श्रीलंकेचं २००९ चं उदाहरण पुढे केलं जातं. पण तिथे एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेकडे भूभाग होता, स्वतःचं नौदल होतं, लढाईची सरळ आघाडी होती; ते बऱ्याच अंशी सैन्याविरुद्ध सैन्य असं युद्ध झालं होतं. आणि शेवटच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं नोंदवलं. ही किंमत बाजूला ठेवून त्याला यश म्हणणं मला जमत नाही.

नुसता पैसा ओतणंही फसतं. अफगाणिस्तानात अमेरिकी रसद पोचवण्याचं कंत्राट २.१६ अब्ज डॉलरचं होतं. ट्रक सुखरूप जावेत म्हणून वाहतूकदार वाटेवरच्या टोळीप्रमुखांना पैसे देत होते आणि त्यातला काही तालिबानपर्यंत पोचत असावा, असं अमेरिकी संसदीय समितीच्या २०१० च्या चौकशीत पुढे आलं. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे हे न बघता पैसा ओतला की तो रस्ता धरून बसलेल्याचाच होतो.

पुन्हा मलायाकडे वळू. तिथे बंडखोरांना गावाकडून अन्न मिळू नये म्हणून सुमारे पाच लाख लोकांना कुंपणाच्या नव्या वस्त्यांत हलवलं गेलं. डबाबंद अन्न विकताना दुकानदारानं डब्याला भोक पाडून द्यायचं, म्हणजे ते जंगलात साठवता येत नाही. काही ठिकाणी तांदूळ एकत्र शिजवूनच वाटला, कारण शिजलेला भात लगेच आंबतो. ही सक्तीच होती, आणि कडक. पण नियम सगळ्यांना माहीत होता; तो पाळला की शिक्षा टळत होती. निरपराध माणसाला निरपराध राहून वाचता येतं का, ही कसोटी मी प्रत्येक उपायाला लावतो. गोळीबार झाला म्हणून अख्खी वस्ती जाळली तर त्या कसोटीवर ती कारवाई तिथेच नापास होते.

मलायाची नक्कल मात्र महागात पडली. व्हिएतनाममध्ये १९६२ पासून तटबंद वस्त्या इतक्या घाईनं उभ्या केल्या, की अनेक फक्त कागदावर होत्या. शेतकऱ्यांना पूर्वजांच्या थडग्यांपासून तोडलं होतं. मिझोराममध्ये बंड मोडायला मार्च १९६६ मध्ये ऐजॉलवर विमानांतून बॉम्ब पडले, पुढच्या वर्षापासून गावं एकत्र आणली गेली. झूम शेतीवर, म्हणजे जंगल जाळून केलेल्या फिरत्या शेतीवर, जगणारा माणूस रस्त्याकाठच्या कुंपणात आला की शेत लांब पडतं आणि तो शिध्याच्या रांगेत उभा राहतो. मलायात निदान जंगलकडेच्या अनेक भूमिहीनांना जमिनीचा हक्क मिळाला, स्वातंत्र्याची तारीखही दिसत होती. मिझोराममध्ये तोडगा निघाला तो ३० जून १९८६ च्या करारानं.

तुमच्या समोर एखादी मोहीम असेल आणि ती कुठे चालली आहे हे ओळखायचं असेल, तर मृतांचे आकडे बाजूला ठेवा. त्यांत कोण बंडखोर होतं हे मारणाराच ठरवतो. जमिनीचा तंटा झाला की लोक सरकारी कचेरीत जातात की जंगलातल्या निवाड्याला, ते बघा. रस्त्यात पुरलेले किती स्फोटक सापळे फुटण्याआधी गावकऱ्यांनी दाखवले, ते मोजा. आणि ज्यानं दाखवले तो महिन्याभरानंतर त्याच घरात राहतोय का, हे जाऊन बघा.