गाडीला अलार्म बसवला एकदाचा

परवा रात्री बडोद्यात, दांडिया बाजारात घरासमोर लावलेली गाडी कोणीतरी उघडायचा प्रयत्न केला, सकाळी बघतो तर ड्रायव्हर साइडच्या काचेचं रबर उचकटलेलं आणि दरवाज्यावर स्क्रू ड्रायव्हरचे दोन खोल ओरखडे, चोरीला काही गेलं नाही पण बाबांची गाडी आहे हो ती, पोटात गोळाच आला. आज दिवसभर अलार्मच शोधत होतो. इमोबिलायझर आहे ना गाडीत, असं वाटायचं मला, पण तो फक्त खरी किल्ली नसेल तर इंजिन चालू होऊ देत नाही, काच फोडली तर गप्पच! म्हणून शॉक सेन्सरवाला घेतला, धक्का बसला की सायरन. दुकानातले काका फार चांगले, म्हणाले, "भाई, सेन्सिटिव्हिटी फुल नका ठेवू, बाजूने बुलेट गेली तरी ओरडेल", आणि स्वतः बोनेटवर मूठ आपटून आपटून बारीक स्क्रू फिरवत सेट करून दिलं. वायर कापू दिली नाही मी, कपलरनेच, म्हणजे प्लगसारख्या खटक्यानेच जोडायला लावलं, उगाच वॉरंटीचा वांधा नको. नवरात्रात गरब्याच्या ढोलाने वाजायला लागला तर अजून थोडा कमी करून घेईन. आत्ता बाबा तिसऱ्यांदा खिडकीतून ते लुकलुकणारं निळं एलईडी बघून आले.