काळाचा क्रम आणि जनुकांचे गट

आज बडोद्याला घरीच, यीस्टच्या पेशीचक्राची (पेशी वाढून दुभंगण्याच्या चक्राची) १९९८ सालची सुप्रसिद्ध विदा (डेटा) पुन्हा उघडली. तिच्यातील अल्फा-फॅक्टरच्या (सगळ्या पेशींना चक्राच्या एकाच टप्प्यावर आणणाऱ्या रसायनाच्या) प्रयोगात शून्यापासून ११९ मिनिटांपर्यंत, दर ७ मिनिटांनी, म्हणजे १८ वेळा जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे कोणते जनुक किती सक्रिय आहे ते, मोजलेली आहे, आणि सगळे प्रयोग मिळून सुमारे ८०० जनुके चक्राबरोबर वरखाली होतात, असे संशोधकांनी दाखवले होते.

के-मीन्सने, म्हणजे जवळपास सारखे आकडे असलेली जनुके एकत्र आणणाऱ्या पद्धतीने, गट पाडल्यावर शेजारी बसलेल्या भाचीने विचारले, "मामा, हे वेळांचे रकाने उलटसुलट केले तर?" गटांची सुरुवातीची केंद्रे तीच ठेवून करून पाहिले, गट जसेच्या तसे राहिले. कारण या पद्धतीच्या लेखी १८ मोजमापे म्हणजे केवळ १८ सुटे आकडे असतात, त्यांतले आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते याची तिला दखलच नसते. सहसंबंधावर (दोन जनुके किती एकसारखी वरखाली होतात यावर) आधारित अंतर घेतल्यास चढउताराचा आकार जुळतो, पण क्रमाबद्दलचे हे आंधळेपण तसेच उरते. शिवाय तोच आकार थोड्या विलंबाने गिरवणारे जनुक दूरचे ठरते. (भाची कॉमर्सची आहे, हे मुद्दाम नोंदवतो.) म्हणून आता प्रत्येक जनुकाला स्प्लाइनचा (छोटे तुकडे जोडून बनवलेला गुळगुळीत) सलग वक्र बसवून त्या वक्रांचेच गट पाडणार आहे, त्यात मोजमापांमधील असमान अंतरेही चालतात.