पोर्ट लुईचे बंद फाटक

मॉरिशसला प्रवासी घेऊन जाण्याचे काम मी गेली अकरा वर्षे करते आहे. या अकरा वर्षांत बेटाचा कार्यक्रम फारसा बदललेला नाही. एक दिवस पूर्व किनाऱ्यावरच्या बेटाची सफर, एक दिवस दक्षिणेकडे गंगा तलाव आणि शामारेलची सात रंगांची माती, एक दिवस राजधानी पोर्ट लुई, आणि उरलेला वेळ समुद्र. पोर्ट लुईच्या दिवसात ‘आप्रवासी घाट’ नावाचे एक ठिकाण येते, भारतातून आणलेले करारावरचे मजूर जिथे उतरत ते. कार्यक्रमपत्रिकेत त्याला पाऊण तास दिलेला असतो आणि बहुतेक गट तो अर्ध्या तासातच उरकतात, कारण तिथे उंच मूर्ती नाही, निळे पाणी नाही, बघायला आहेत त्या दगडी भिंती, काही पायऱ्या आणि एक छोटे माहिती केंद्र. मला स्वतःला ते ठिकाण बेटावरचे सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि तरीही २८ ऑगस्ट २०२५ रोजी माझ्याच चुकीमुळे बावीस जणांचा गट त्याच्या बंद फाटकासमोर उभा राहिला.

आदल्या दिवशी, बुधवारी, गणेश चतुर्थी होती. मॉरिशसमध्ये गणपतीची सार्वजनिक सुट्टी असते हे मला ठाऊक होते, म्हणून त्या दिवशी राजधानीत सगळे बंद असणार असे धरून मी मुद्दाम पोर्ट लुई गुरुवारी ठेवले आणि बुधवारी गटाला गंगा तलावाला नेले. तिथली सुट्टी मात्र चतुर्थीला नसून दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या ऋषिपंचमीला असते. तिथले मराठी लोक बहुतेक करून दुसऱ्या दिवशी विसर्जन करतात आणि सरकारने सुट्टी दिली आहे ती त्या विसर्जनाच्या दिवसाला. दीड दिवसाचा गणपती ही कोकणातली पद्धत तिथे सरकारी कॅलेंडरवर चढलेली आहे आणि इतक्या वर्षांत माझ्या ते लक्षात आले नव्हते, कारण गणपतीच्या दिवसांत मी यापूर्वी कधी गट घेऊन आलेच नव्हते. मी एक दूरध्वनी करून विचारायला हवे होते. ते मी केले नाही.

इतरांचे विशेष काही बिघडले नव्हते. गटात एक निवृत्त शिक्षक होते, संगमेश्वर तालुक्यातले, वय पंचाहत्तरच्या आसपास. आम्ही सगळे त्यांना सर म्हणत होतो. आरक्षण करतानाच त्यांनी मला सांगितले होते की त्यांना समुद्र बघायचा नाही, समुद्र त्यांनी जन्मभर पाहिला आहे. त्यांना फक्त तो घाट बघायचा आहे. त्यांच्या खापरपणजोबांचे धाकटे बंधू गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, मोरसला गेले आणि परत आले नाहीत, एवढीच गोष्ट घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. मोरस म्हणजे मॉरिशस. सरांच्या आजी पांढऱ्या साखरेलाही मोरसच म्हणत आणि देवाच्या नैवेद्याला ती साखर वापरू देत नसत. लहानपणी सरांना वाटे की विलायती साखर म्हणून ती देवाला चालत नसेल. पुढे मोठेपणी केव्हातरी त्यांच्या मनात आले की घरातला एक माणूस जिच्यापायी गेला, ती साखर आजीला देवापुढे ठेववत नसेल. खरे कारण कोणते, हे विचारायला तोवर आजी राहिल्या नव्हत्या.

घाट बंदराच्या कडेला, त्रू फांफारों भागात आहे. शेजारीच बसस्थानक आहे आणि मोठा महामार्ग त्या जागेला अगदी चिकटून जातो. तो बांधताना मजुरांना उतरवण्याच्या जुन्या डेपोचा बराच भाग गेला. कुंपणापलीकडे आतल्या काळ्या दगडाच्या भिंती दिसत होत्या. मी तिथेच, रस्त्याच्या कडेला उभी राहून, गटाला जे सांगायचे ते सांगितले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन या बंदरात आले. तीन महिन्यांनी, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, बेटावरची गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना ऊस तोडायला माणसे हवी होती आणि ब्रिटिश सरकारला गुलामांच्या जागी करारावरचे मजूर आणण्याचा प्रयोग करायचा होता. करार पाच वर्षांचा आणि पगार महिना पाच रुपये. एक दिवस कामावर गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. १८४९ मध्ये या जागी इमिग्रेशन डेपो उभा राहिला. बोटीतून उतरलेली माणसे इथल्या पायऱ्या चढून वर येत, दोन दिवस इथे राहत आणि मग मळ्यांवर वाटली जात. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे अशी आली. त्यांतली काही पुढे दुसऱ्या वसाहतींत पाठवली गेली, पण बहुतेक इथेच राहिली. त्या वेळी या जागेला कुली घाट म्हणत. आप्रवासी घाट हे नाव १९८७ मध्ये मिळाले आणि २००६ मध्ये ही जागा जागतिक वारसा यादीत गेली.

हे सगळे मी पाठ असल्यासारखे सांगते, त्या दिवशीही सांगितले. सरांचे लक्ष मात्र माझ्याकडे नव्हते. ते कुंपणाला कपाळ टेकवून आत पाहत होते आणि त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “ताई, त्या पायऱ्या इथून दिसतात का हो?” तिथून त्या दिसत नव्हत्या.

शुक्रवारी सकाळी विमानतळावर जाण्याआधी पुन्हा इथे यायचे, हे मी तिथेच ठरवले आणि गटाला सांगून टाकले. कोणीही तक्रार केली नाही. तरीही एखाद्या म्हाताऱ्या माणसाला हजारो मैल आणून फाटकाबाहेर उभे करणे म्हणजे काय, हे मला त्या क्षणी फार लागले. आमच्या मिनी कोचचा चालक हे सगळे पाहत होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. आठवडाभर तो माझ्याशी हिंदीत आणि आपल्या माणसांशी क्रिओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या रोजच्या बोलीत, बोलत होता, आणि तो मराठी आहे हे मला त्या दिवशी कळले. गाडीत बसल्यावर तो थोड्या अडखळत्या मराठीत सरांना म्हणाला, “आमच्या घरी गणपती आहे. आज विसर्जन. तुम्ही सगळे या. संध्याकाळी झाकरी पण होईल.”

झाकरी म्हणजे काय ते मला कळेना. सर मात्र एकदम मागे वळले. “जाखडी?” त्यांनी विचारले. चालक म्हणाला, “होय, झाकरी.” दोघेही आपापला शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत राहिले. जाखडी म्हणजे कोकणात गणपतीत होणारा फेराचा नाच.

त्याचे गाव पश्चिमेकडे, कास्काव्हेलच्या बाजूला. ब्लॅक रिव्हर जिल्ह्याच्या या पट्ट्यात मराठी वस्ती जुनी आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता, तोडणीचा हंगाम चालू असल्यामुळे काही शेते मोकळी झालेली होती आणि त्या मोकळ्या शेतांमध्ये काळ्या दगडांचे मोठाले ढीग उघडे पडले होते. प्रवासी नेहमी विचारतात की ही देवळे आहेत का. तसे ते दिसतातही. हे बेट ज्वालामुखीचे आहे, जमिनीत सगळीकडे हा काळा दगड आहे, आणि ऊस लावण्याआधी तो वेचून बाजूला रचावा लागला. आधी गुलामांनी आणि मग करारावरच्या मजुरांनी तो हातांनी वेचला. मी हे सांगितल्यावर सरांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून एका ढिगापाशी गेले आणि एका दगडावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. तो थांबा माझ्या कार्यक्रमात कधीच नव्हता, आता असतो.

गाडी पुन्हा चालू झाल्यावर सरांनी चालकाला आपला शोध सांगितला. गेल्या वीस वर्षांत त्यांनी ओळखीच्या, बिनओळखीच्या अनेकांना पत्रे लिहिली होती, आणि प्रत्येक पत्रात आपले आडनाव कळवून त्या आडनावाचे कोणी मॉरिशसमध्ये आहे का, असे विचारले होते. कोणीही सापडले नव्हते. चालकाने ते शांतपणे ऐकले आणि सांगितले की असे ते सापडणारच नाही. डेपोतल्या कारकुनाला आडनाव नको असायचे. तो माणसाचे नाव लिही, बापाचे नाव लिही, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण, जहाज, आणि मग एक क्रमांक देई. त्या माणसाचे जे पहिले नाव, तेच पुढे त्याच्या नातवंडांचे आडनाव झाले. म्हणून तिथे रामजी, सखाराम, बापू ही आडनावे आहेत, आणि लिहिताना ती फ्रेंच वळणाने लिहिली जातात. चालकाचे स्वतःचे आडनावही असेच, कोणा पूर्वजाला घरात हाक मारायचे नाव होते. त्याला हे सगळे नेमके माहीत होते, कारण भारत सरकारने २०२४ मध्ये मॉरिशसच्या लोकांसाठी ओसीआय कार्डाची, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाची, सवलत सातव्या पिढीपर्यंत वाढवल्यावर त्याने मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जाऊन आपल्या पूर्वजाची नोंद काढून आणली होती. डेपोची ती जुनी दप्तरे तिथे जपून ठेवलेली आहेत.

सर काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे मी वीस वर्षे चुकीच्या नावाने हाक मारत होतो.”

चालकाच्या घरी त्याच्या मावशी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. नेसणे नऊवारी नव्हते, साधी साडी होती. गणपती लहान, मातीचा, पाटावर बसवलेला. नारळाच्या सारणाचे मोदक, केळीच्या पानावर जेवण. सरांनी मावशींशी मराठीत बोलायला सुरुवात केली आणि मावशींनी हसून भाच्याकडे पाहिले. त्यांना बोललेले फार थोडे समजत होते. आयुष्यभर घरात क्रिओल बोलल्या, शेजाऱ्यांशी भोजपुरी. सरांचा चेहरा उतरलेला मला दिसला. मला वाटते, आपल्याला पुस्तकातल्यासारखी जुनी मराठी ऐकू येईल अशी त्यांची आशा होती, आणि खरे सांगायचे तर माझीही होती. मग उत्तरपूजा सुरू झाली आणि त्याच मावशी एकामागून एक आरत्या म्हणू लागल्या. कागद नव्हता, कुठे अडखळणे नव्हते, आणि कडव्यांचा क्रम असा की सरच एका ठिकाणी चुकले आणि मावशींनी हाताने थांबवून त्यांना योग्य ओळीवर आणले. नातवंडे त्यांच्या मागून म्हणत होती. शाळेत ती मराठी विषय म्हणून शिकतात. तिथल्या शाळांत तशी सोय आहे. बोलण्याची भाषा गेली आणि देवापुढची राहिली, असे मी तोवर कुठे पाहिले नव्हते.

चारच्या सुमारास सगळे किनाऱ्यावर गेले. पश्चिमेचा किनारा त्या दिवसांत शांत असतो, वारा आग्नेयेकडून येतो आणि तो पूर्वेचा समुद्र खवळवतो. सुरूच्या झाडांखाली मराठी कुटुंबांच्या गाड्या उभ्या होत्या, दक्षिणेला ल मॉर्नचा डोंगर दिसत होता. एरवी मी त्या डोंगराची गोष्ट सांगते, पळालेले गुलाम तिथल्या कड्यांवर कसे लपून राहत ती. त्या संध्याकाळी कोणी विचारले नाही आणि मीही सांगितली नाही.

या किनाऱ्यावर विसर्जन वेगळे होते. प्रवाळाची रांग लांब आत आहे, लाटा तिथेच फुटतात, आणि अलीकडचे पाणी तळ्यासारखे स्थिर राहते. चालक आणि त्याचे दोन भाऊ गणपती घेऊन आत आत चालत गेले, तरी पाणी कमरेच्या वर जाईना. शेवटी त्यांनी मूर्ती खाली पांढऱ्या वाळूवर टेकवली आणि हात काढून घेतले. पाणी इतके नितळ की मूर्ती खाली बसलेली दिसत होती. सर गुडघाभर पाण्यात, पँट दुमडून उभे होते. म्हणाले, “आमच्याकडे लाट येते आणि देवाला घेऊन जाते. इथे माणसालाच सोडावे लागते.”

परत वाळूवर आल्यावर मुलांनी फेर धरला. मध्ये एक माणूस ढोलकी घेऊन बसला, दुसरा झांज घेऊन, आणि आठ-दहा तरुण त्यांच्याभोवती अनवाणी नाचू लागले. आमच्या गटातल्या लोकांनी मोबाइल काढले. सर माझ्या शेजारी उभे राहून फक्त पावलांकडे पाहत होते. त्यांच्या गावी गणपतीत जाखडी होते, नाचणारे एका पायात चाळ बांधतात आणि त्याच पायाचा ठेका जोरात घेतात, म्हणजे चाळ वाजतो. या मुलांच्या पायांत चाळ नव्हते. पण सरांनी मला दाखवले तेव्हा मलाही दिसले, की प्रत्येक फेरीत उजवा पाय डाव्यापेक्षा जड पडतो, जिथे चाळ वाजायचा तिथेच तो पडतो आणि क्षणभर थांबतो. मी त्यातल्या एका मुलाला नंतर विचारले की उजवा पाय असा का. तो म्हणाला, आजोबांनी असेच शिकवले.

अंधार पडल्यावर हॉटेलकडे निघण्यापूर्वी चालकाने गाडीच्या पेटीतून एक वही काढली आणि सरांना म्हणाला, नाव लिहून द्या, सोमवारी माझी सुट्टी आहे, मी मोकाला जाऊन विचारतो. मी मोबाइलचा दिवा धरला. सरांनी आधी सवयीने पूर्ण नाव लिहिले, मग थांबले. आडनावावर एक सरळ रेघ ओढली, खालच्या ओळीत खापरपणजोबांच्या बंधूंचे नुसते नाव, त्याखाली बापाचे नाव, त्याखाली गाव लिहिले. जहाज ठाऊक नव्हते, तिथे ‘मुंबईहून’ एवढेच लिहिले. मग पान फाडून देण्याआधी ते त्यांनी एकदा मोठ्याने वाचले, तिन्ही नावे, आडनावाशिवाय.