रिकामं पिस्तूल

"बाबा, बघितलंत?" म्हणत लेक वळली आणि तिच्याबरोबर हातातलं एअर पिस्तूलही वळलं. निशाण्याकडून थेट माझ्याकडे.

सरांनी शांतपणे ते काढून घेतलं. "आजचा सराव संपला."

तिचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, "सर, छर्रा नव्हता हो त्यात."

"दादा, भरलेल्याला सगळेच जपतात. नियम रिकाम्यासाठी लागतो."

इंदूरच्या लोकमान्यनगरला घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. माझ्याही डोक्यातून ते वाक्य जाईना.

रात्री प्रॅक्टिकल शूटिंगचे नियम वाचत बसलो. 1976 पासून आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना हा खेळ चालवते. पळत, वळत, गोळ्यांचं मॅगझिन बदलत, घड्याळाशी झुंजत नेम साधायचा. पण नळी 90 अंशांची हद्द ओलांडून मागे वळली, की पिस्तूल भरलेलं असो वा रिकामं, खेळाडू अख्ख्या स्पर्धेतून बाद. जागा बदलताना बोट ट्रिगर गार्डच्या, म्हणजे घोड्याभोवतीच्या कड्याच्या, आत दिसलं तरी तेच. शेवटी पिस्तूल रिकामं करून अधिकाऱ्याला दाखवायचं, आणि त्यानंतरही नळी निशाण्याकडे धरूनच घोडा पाडायचा. डोळ्यांनी पाहिलेल्यावरही विसंबायचं नाही!

आणि आपण "छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतच तर जायचंय" म्हणून हेल्मेट घरी ठेवतो.

झोपायच्या आधी तिने टीव्हीचा रिमोट उचलला. तर्जनी बटणावर नव्हती. कडेला सरळ टेकवलेली होती.

सकाळी मी सरांशी वाद घालायला नको होता. तुमच्या मुलांना कुणी असं थांबवलं, तेव्हा तुम्ही कुणाच्या बाजूने बोललात?