बाईट देण्याआधी हेडफोन लावा

निसर्ग चक्रीवादळ आलं ३ जून २०२० ला. वादळ दुपारी तिकडे श्रीवर्धनजवळ जमिनीवर चढलं पण आमच्या दापोली-मंडणगडचीही पार वाट लावून गेलं, माड आडवे, सुपारीच्या बागा झोपलेल्या, पत्रे कुणाचे कुणाच्या परड्यात, लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही. अशा वेळी आम्हा हॅमवाल्यांचा, म्हणजे हौसेने वायरलेस रेडिओ चालवणाऱ्यांचा, भाव वाढतो, एरवी घरचे म्हणतात त्या खरखरीत काय ठेवलंय.

हातातला पाच वॉटचा व्हीएचएफ सेट, जवळचंच बोलणारा, कोकणात टेकडीआड गेला की संपला. म्हणून गाडीची बॅटरी, लांब पल्ल्याचा एचएफ सेट आणि बांबूच्या टोकावरून दोन्हीकडे उतरवलेली वायर, ७ मेगाहर्ट्झवर. सिग्नल वर आकाशात जातो आणि तिथनं परत खाली येतो, मधे सह्याद्री असला तरी मुंबई-पुणे मिळतं.

दुसऱ्या दिवशी एक चॅनलवाला पोरगा आला, चिखलाने माखलेला, बूम माईक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. "दादा, एक बाईट द्या ना." म्हणजे कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोला. मी काय, खूषच! शर्ट बदलून आलो (हो, खरंच). आणि सेटचा स्पीकर तसाच मोठ्याने चालू. माझं अर्धं वाक्य होतंय तोवर मुंबईच्या हॅमचा मेसेज आला, एका चाकरमान्याचा आईवडलांशी संपर्क नाही, अमुक वाडी, कोणीतरी जाऊन बघा. मी लिहून घेतला, परत वाचून दाखवला, वाडीच्या नावासकट. कॅमेरा चालूच होता.

पोरगा खेडच्या बाजूला जाऊन रेंज मिळाली तिथनं फुटेज पाठवून मोकळा. रात्री टीव्हीवर पट्टी फिरली, अमुक वाडीतले दोन वृद्ध बेपत्ता. संपर्क नाही आणि बेपत्ता यात किती फरक आहे ते मुंबईत टीव्हीसमोर बसलेल्या त्या मुलाला विचारा, ज्याने स्वतःच तो निरोप दिला होता. लॉकडाऊन, ई-पासशिवाय निघता येत नाही, फोन लागत नाही. म्हातारा-म्हातारी शेजाऱ्यांच्या पडवीत पेज खात बसलेले, घराचं छप्पर गेलं म्हणून तिकडे गेले होते. हे आम्ही सकाळी कळवलं, पण रात्र त्याने कशी काढली असेल.

पोराला मी खूप शिव्या घातल्या मनात. पण स्पीकर माझा होता.

रेडिओवरचं आपलं बोलणं गुप्त कोडमध्ये करायला परवानगी नाही, रिसीव्हर असलेला कोणीही ऐकू शकतो, हे मान्य, म्हणून ते कॅमेऱ्यासमोर वाजवायचं असं थोडीच आहे? आता चॅनलवाला माणूस दिसला की आधी हेडफोन, आणि लॉगबुक, म्हणजे निरोपांची वही, पालथं. सेटवर बसलेला बोलतच नाही. बोलणारा वेगळा, तो बाहेर अंगणात अँटेनाखाली उभा राहतो, कॅमेऱ्याला पण तेच हवं असतं. तो सांगतो हॅम म्हणजे काय, केंद्राच्या डब्ल्यूपीसीचं, म्हणजे वायरलेसच्या खात्याचं, लायसन्स लागतं, परीक्षा असते, पैसे मिळत नाहीत, आणि आम्ही पोलिस वायरलेस नव्हे. किती गेले, किती अडकले विचारलं की एकच उत्तर, "आम्ही निरोप पोचवतो, आकडा तहसीलदारांकडे." पाच वेळा विचारलं तरी पाच वेळा तेच. "अंदाजे तरी सांगा" ला तर अजिबात भुलायचं नाही, तुमचा अंदाज संध्याकाळी 'सूत्रांनी दिलेली माहिती' होतो.

आणखी एक येतंच, "नेट नाहीये, माझी बातमी तुमच्या रेडिओवरून पाठवा की." धंद्याचे मेसेज आमच्या लायसन्सवर चालत नाहीत. वाईट वाटतं, तोही बिचारा भिजत आलेला असतो, चहा द्यावा आणि रेंज कुठे मिळते ते सांगावं.

आमच्याकडे हे बोलायचं काम दिलंय ते एका पुतण्याला, अजून परीक्षा पास नाही, सेटला हात लावता येत नाही, म्हणून सांगण्यासारखं त्याला काही माहीतच नसतं. याहून चांगला प्रवक्ता मिळणार नाही.